सासरेबुवांच्या मापाचा रणगाडा

डहाणूत जतीन चुरी दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. एक म्हणजे त्याच्या हातच्या डायी. दुसरी म्हणजे पन्नाशीला टेकलेला, मिशा राखलेला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा बाप असलेला हा गृहस्थ दर रविवारी बोर्डीला सासुरवाडीला जातो आणि सासऱ्यांबरोबर सोल्जर-सोल्जर खेळतो. पहिल्या गोष्टीचा गावाला अभिमान आहे. दुसरीबद्दल गाव त्याच्या बायकोकडे, मयुराकडे, सहानुभूतीने बघतं.

डाय म्हणजे पोलादाचा लहानसा ठोकळा. त्यात छिन्नीने फूल, पान, मोराचा डोळा, जे हवं ते उलटं कोरायचं. मग कारागीर त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि दागिन्याचा तुकडा उठून येतो. डहाणूच्या आसपास घरोघरी खिडकीशी बसून हे काम चालायचं. आता मशीन आली आहे. ती कॉम्प्युटरवरचं चित्र बघून कोरते, चहा मागत नाही आणि मध्येच उठून कुणाच्या हळदीला जात नाही. त्यामुळे जतीनला रिकामा वेळ फार. रिकाम्या वेळात पुरुषमाणूस दारू पितो नाहीतर राजकारण करतो, आणि जतीनला दोन्ही पचत नव्हतं.

अशात मुंबईचा एक दातांचा डॉक्टर विचारत विचारत त्याच्या दारात आला. त्याला दागिना नको होता, अठ्ठावीस मिलिमीटरचा शिपाई हवा होता. डॉक्टर एक खेळ खेळायचा. मोठ्या टेबलावर वाळू, टेकड्या, झाडं मांडायची, अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई टेपने मोजून पुढे सरकवायचे, आणि कोण मेलं ते फासे टाकून ठरवायचं. जतीनने समोरासमोर बांधायच्या दोन डायी कोरल्या, त्यात वितळलेलं कथील ओतलं आणि शिपाई काढला. त्याच्या टोपीखालचे केससुद्धा मोजता येत होते. डोकं तेवढं जरा मोठं झालं, कारण दागिना हातभर अंतरावरून उठून दिसला पाहिजे म्हणून डायवाला नाकडोळे ठळकच कोरतो, आणि हाताला लागलेली सवय सुटत नाही. डॉक्टर खूष झाला आणि जाताना खेळाच्या नियमांचं पुस्तक ठेवून गेला. जतीनने ते वाचलं आणि तो कामातून गेला.

पण हा खेळ एकट्याने खेळता येत नाही. मित्रांना विचारलं तर ते म्हणाले, तीनपत्ती असेल तर सांग. भरपूर वेळ असलेला आणि लढाईबद्दल ठाम मतं असलेला माणूस त्याच्या ओळखीत एकच होता, आणि दुर्दैवाने तो त्याचा सासरा होता.

रतन राऊत, मुक्काम बोर्डी. चिकूची छोटी वाडी, दारात नारळ, ओटीवर झोपाळा, आणि झोपाळ्यावर स्वतः. माणूस तरुणपणी फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या वाळूत होता, आणि तिथे त्याने टँक चालवला होता. हे शेवटचं वाक्य बोर्डीपासून घोलवडपर्यंत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. जतीनला तर ते लग्नाच्या मांडवातच ऐकावं लागलं. नवी नवरी घेऊन तो गाडी मागे घेत होता, गाडी फणसाच्या झाडाला जरा घासली, आणि सासरे वरातीदेखत म्हणाले, "टँकला आरसे नसतात, जतीनराव. तरी आम्ही कधी झाडाला लावला नाही." वाळवंटात झाडं कुठून येणार, हे जतीनला रात्री अंथरुणात सुचलं. तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून टँक त्याच्या संसारात तिसऱ्या माणसासारखा राहिला. त्याने गॅसची नळी बदलली, तर टँक चालवलेल्या माणसाने ती पुन्हा तपासली. त्याने घराला निळा रंग काढला, तर टँक चालवलेल्या माणसाला तो बायकी वाटला. आणि मयुरा? तिने लहानपणी शाळेत 'माझे बाबा' या निबंधाला पहिलं बक्षीस मिळवलं होतं, त्यात बाबा टँकमधून शत्रूवर तुटून पडतात असं होतं. ती बाबांना काही बोलू द्यायची नाही. जतीनचा सासऱ्यांवर राग होता, हे लपवून उपयोग नाही. चांगला वीस-बावीस वर्षं मुरलेला राग होता, बरणीतल्या लोणच्यासारखा.

खेळातही सासरे तसेच. टेप लावायचे नाहीत. शिपाई उचलून वीतभर पुढे ठेवायचे आणि जतीनने पुस्तक उघडलं की म्हणायचे, "तुमचं पुस्तक कधी गोळी खाल्लेलं आहे काय?" एक मात्र होतं. इतकी वर्षं पायदळानेच लढाया झाल्या. टेबलावर टँक आणू या म्हटलं की सासरे हात झटकायचे. "टँक आला की खेळ संपला. मजा नाय राहत."

मग रतनरावांना पंचाहत्तरावं लागलं आणि पुतण्या देवेशच्या अंगात आलं. देवेश म्हणजे समाजातला हौशी कार्यकर्ता. कुणाचा साखरपुडा असो की कुणाचं तेरावं, माईक त्याच्याच हातात. त्याने समाजाचा हॉल ठरवला, काकांचा फेट्यातला फोटो छापून बॅनर लावला, आणि जतीनला फोन केला. "भावोजी, तुमचं ते सोल्जरवालं टेबल आणायचं. वाळवंट करा. टँक पाहिजेत. काका उभे राहून दाखवतील, हा माझा टँक, इथून असा घुसलो. पब्लिक रडलं पाहिजे."

जतीनने हो म्हटलं. सासऱ्यांसाठी नाही, टँकसाठी. आणि इथे त्याची खरी गोची सुरू झाली, कारण टँक विकत घ्यायचा म्हणजे माप ठरवावं लागतं, आणि या छंदात मापाचा कारभार आपल्या सातबाऱ्याहून किचकट आहे. शिपाई मिलिमीटरमध्ये मोजतात, तेही टाचेपासून डोळ्यापर्यंत, का तर टोपीमुळे डोक्याचा भरवसा नाही. टँक मोजतात भागिलेमध्ये. एकास बहात्तर म्हणजे खऱ्याचा बहात्तरावा भाग. इथे आकडा वाढला की टँक लहान होतो आणि तिथे आकडा वाढला की शिपाई मोठा होतो. हिशेबाने अठ्ठावीसच्या शिपायाला एकास छप्पन्नचा टँक लागतो. पण शिपाई उभा असतो चकतीवर, ती चकती त्याला उगाच उंच करते. त्यात जतीनच्या शिपायांची डोकी मोठी. म्हणून काही शहाणे म्हणतात, हिशेब गेला खड्ड्यात, एकास अठ्ठेचाळीसचा घ्या, टेबलावर तोच शोभतो. इंटरनेटवर या एका प्रश्नावरून माणसं एकमेकांच्या आया-बहिणींवर गेलेली जतीनने स्वतः वाचली होती.

जतीनने तिन्ही मापांचा एकेक टी-पंचावन्न मागवला. लढाईत तोच होता असं सासरे सांगायचे. मग तिन्ही डबे घेऊन रविवारी तो बोर्डीला गेला. सासूबाई, कुसुमबाई, ओटीवर वाळवायच्या चिकूच्या चकत्या कापत बसल्या होत्या. रतनराव झोपाळ्यावर. टँक टेबलावर आले तरी ते झोपाळ्यावरून उठलेच नाहीत. लांबूनच बघत राहिले.

"या ना बाबा. कुठला बरोबर वाटतो?"

त्यांनी येऊन अठ्ठेचाळीसवाल्याशेजारी एक शिपाई ठेवला आणि हसले. "हा टँक हाय का एसटी? यात वरात बसेल."

"मग हा? छप्पन्नवाला. हिशेबाने हाच बसतो."

"हिशेब तुमच्याकडे ठेवा. एवढा मोठा नसतो."

बहात्तरवाल्याशेजारी शिपाई ठेवला. शिपायाची टोपी आणि टँकचा माथा एका रेषेत आले. कुठल्याही खेळाडूला बघून लाज वाटावी असं ते दृश्य होतं. रतनराव वाकून बघत म्हणाले, "जवळ आलात. अजून खाली पाहिजे. हे बघा, माणूस उभा राहिला की टँकचा माथा इथे येतो." आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"छातीला?"

"छातीला. मी बघितलाय की तुम्ही?"

जतीनने एकास शंभरचा टँक मागवला. तो असतो पंधरा मिलिमीटरच्या शिपायांसाठी, म्हणजे जतीनच्या शिपायांच्या निम्म्या उंचीच्या. पुढच्या रविवारी तो टेबलावर ठेवला आणि त्याचे शिपाई भोवती उभे केले. डहाणू स्टेशनबाहेर केळ्याच्या हातगाडीभोवती गिऱ्हाईकं उभी असावीत तसं दिसू लागलं. चार माणसं या टँकमध्ये बसवायची तर आधी त्यांचं खिमट करावं लागलं असतं. रतनरावांनी मात्र एका शिपायाच्या छातीशी बोट लावून टँकचा माथा मोजला. मग म्हणाले, "हाच."

कुसुमबाईंनी सुरी थांबवून एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कापायला लागल्या.

त्याच महिन्यात जतीन डायींच्या कामाने पुण्याला गेला. तिथे एका चौकात जुना रणगाडा चौथऱ्यावर उभा करून ठेवलेला आहे, हे त्याला ठाऊक होतं. पहाऱ्यावर कुणी नाही असं बघून तो चौथऱ्यावर चढला आणि टँकला पाठ लावून उभा राहिला. चाकांच्या पट्ट्यांवरचा पत्रा छातीच्या उंचीला आला. त्याच्या वर तोफेचा अख्खा घुमट शिल्लक. जतीनने हात वर केला, टाचा उंचावल्या, तेव्हा कुठे बोटं घुमटाच्या छपराला पोचली. खाली पेरू विकणारी बाई म्हणाली, "काका, उतरा, दंड होईल." काका उतरले नाहीत. काकांना हर्षवायू व्हायचा बाकी होता.

म्हातारा टँक चालवणं सोडा, टँकच्या शेजारीही उभा राहिलेला नाही! ज्याने रोज टँकवर चढउतार केली त्याच्या गुडघ्यांना तरी उंची आठवली असती. इतक्या वर्षांचे टोमणे, तो फणस, ती गॅसची नळी, सगळं जतीनच्या डोळ्यांपुढून गेलं. परतीच्या सबंध प्रवासात तो मनातले मांडे खात होता. हॉल भरलेला आहे, टेबलावर बरोबर मापाचा टँक आहे, आणि आपण सगळ्यांदेखत अगदी नम्रपणे विचारतो आहोत, "बाबा, यावर तुम्ही चढायचात कसे?"

म्हाताऱ्याच्या दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसं तेवढ्यात देवेशचं आणखी एक पुण्यकर्म कळलं. प्रमुख पाहुणे म्हणून त्याने उंबरगावला राहणारे एक निवृत्त कर्नल ठरवले होते. सगळी नोकरी रणगाड्यांत काढलेले. आता पितळ उघडं पडायला जतीनची गरजही उरली नव्हती. शंभरचा टँक ठेवला तर कर्नल हसणार, छप्पन्नचा ठेवला तर म्हातारा स्वतःच्या तोंडाने फसणार. कर्नलचं नाव कानावर पडलं आणि रतनरावांचं पोट बिघडलं. मग गुडघा धरला. मग त्यांनी समाजात पैशाची उधळपट्टी फार वाढली आहे, असं तत्त्वज्ञान काढलं. मयुरा घाबरून म्हणाली, "बाबांना बरं नाही, डॉक्टरांकडे नेऊ या का?" जतीन म्हणाला, "टँक चालवलेला माणूस आहे. होतील बरे." आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य त्याच्या वाट्याला आलं होतं आणि त्याने ते चघळून चघळून म्हटलं.

रविवारी तो बोर्डीला गेला तो शिकारीला निघाल्यासारखा. मयुरा आईबरोबर वाडीत गेली होती. ओटीवर दोघेच. टेबलावर शंभरचा टँक.

"बाबा, एक विचारू? टँकमध्ये चढताना पहिला पाय कुठे ठेवायचा?"

रतनराव टँककडे बघत होते. रात्रीची झोप नसावी. चेहरा उतरला होता. म्हणाले, "चढायचं कुठे? वाकायचं."

"वाकायचं?"

"वाकून आवाज द्यायचा. मग झाकण उघडायचं नि हात वर यायचा." बोलता बोलता त्यांचा उजवा हात पुढे झाला, मूठ वळलेली, कडी धरल्यासारखी, आणि ती मूठ हळूच खाली गेली. काहीतरी सांडू नये म्हणून जसा हात खाली नेतात तसा. मग एकदम त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. "असं काय ते," म्हणाले. "जुन्या गोष्टी."

जतीनचा पुढचा प्रश्न तयार होता. तो त्याने विचारला नाही. डायवाल्याचं डोकं उलटं चालतं. पोलादातला खळगा बघून त्याला वर येणारं फूल दिसतं. त्या हाताखाली काय असायला हवं ते त्याला दिसू लागलं. जमिनीवर उभा माणूस वाकून टँकच्या झाकणाशी बोलतो, म्हणजे झाकण छातीहून वर नाही. म्हणजे टँक लहान नाही. टँक खाली आहे. लढाईत टँक वाळूत खड्डा खणून आत उतरवतात, घुमट आणि तोफ तेवढी वर, हे त्याच्या नियमांच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं. म्हाताऱ्याने टँक पाहिले होते. रोज पाहिले होते. पण ते गळ्यापर्यंत वाळूत गेलेले पाहिले होते, आणि बाहेर, उघड्यावर, हातात कडीची बादली घेऊन उभं राहून पाहिले होते.

जतीनला सासऱ्यांचा राग आला. जन्मभर आपल्याला फणसावरून बोलणाऱ्या माणसाला सैनिकांना डाळ वाढताना पकडलं म्हणून हसू यायला हवं होतं, आणि येत नव्हतं, म्हणून राग आला. पोलादाच्या आत बसलेली चार माणसं आणि बाहेर हा, वीस-एकवीस वर्षांचा, आडोशाला बादलीसुद्धा पुरायची नाही. आणि घरी आल्यावर त्याला कुणीतरी विचारलं असेल, टँकच्या पलटणीत होतास म्हणजे टँक चालवला असशील? नाही म्हणायला एकदा उशीर झाला की पन्नास वर्षं होतोच.

"आई कुठे गेल्या?" एवढंच जतीनने विचारलं आणि तो चहा न घेता निघाला.

त्याने तलासरीहून जाड प्लायवूड आणलं, वर थर्माकोल डकवला, समुद्राची वाळू चाळून गोंदात बसवली. एकास छप्पन्नचे टँक घेतले, हिशेबाने बसणारे. आणि प्रत्येकासाठी थर्माकोलमध्ये खड्डा कोरला. छिन्नीने मोर कोरणारा हात खड्डे खणत होता. ढकलून दिलेली वाळू खड्ड्याच्या तोंडाशी चढवली, चाकांचे माग उतरत नेले, टँक आत बसवले. मग शेजारी शिपाई ठेवला. घुमटाचा माथा शिपायाच्या छातीला आला. मयुरा मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढे महागाचे टँक आणले आणि पुरून ठेवले? अर्धे दिसतच नाहीत. लोक काय म्हणतील?" जतीन म्हणाला, "लोकांना म्हणू दे." तिला खरं सांगावं की नाही यावर तो रात्रभर कुशीवर वळत राहिला आणि सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क त्याचा नव्हता.

समारंभाच्या दिवशी रतनरावांना फेटा बांधून, शाल पांघरून, जवळजवळ उचलूनच हॉलमध्ये आणलं. टेबल मधोमध, वर चादर. देवेशने माईकवर काकांचा पराक्रम असा रंगवला की त्या लढाईत दुसरं कुणी होतं की नाही अशी शंका यावी. मग चादर काढली.

रतनराव टेबलाशी आले आणि थबकले. आधी खड्ड्यांकडे बघितलं, मग वाकून एका टँकच्या झाकणाकडे, मग जतीनकडे. त्या नजरेत काय होतं हे जतीनला नीट सांगता आलं नसतं. चोरी पकडलेल्या माणसाची भीती होती, आणि तिच्या खाली, बऱ्याच वर्षांनी कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं काहीतरी.

कर्नल उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी चष्मा लावून टेबलाभोवती फेरी मारली. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "प्रदर्शनात सगळे टँक उघड्यावर पळवतात, सिनेमासारखे. दिवसचे दिवस आम्ही असेच पुरलेले असायचो. हे कुणी सांगितलं करायला?"

"बाबांनी," जतीन म्हणाला.

"अच्छा! राऊतसाहेब, तुम्ही कुठल्या टँकवर होता?"

देवेशने माईक काकांच्या तोंडाशी धरला. पहिल्या रांगेत मयुरा मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढत होती, चेहऱ्यावर तोच निबंधातला अभिमान. जतीनला वाटलं, बोला बाबा, कुठल्याही टँकवर बोट ठेवा आणि मोकळे व्हा, मी काही म्हणणार नाही. खरंच त्याला तसं वाटलं.

रतनरावांनी टेबलावरचा एक शिपाई उचलला. त्यांनी तो दोन खड्ड्यांच्या मधल्या मोकळ्या वाळूत ठेवला, पडला, पुन्हा उभा केला.

"इथे," ते म्हणाले. "टँकवर नाय. मी कधी टँक चालवला नाय. मी लंगरात होतो. संध्याकाळ झाली की जेवण घेऊन यायचो. या टँकवरून त्या टँकवर."

माईकमुळे ते मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलं. देवेशचं तोंड उघडं ते उघडंच. मयुराचा मोबाईल खाली आला. कुणीतरी खोकलं. तेवढ्यात कुसुमबाई शेजारच्या बाईला जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "मला लग्नाच्या आधीच सांगितलेलं. गावाला सांगायला धीर होत नव्हता."

कर्नल त्या शिपायापाशी वाकले. मग गंभीरपणे म्हणाले, "डाळ की राजमा?"

"डाळ," रतनराव म्हणाले. "राजमा शिजेपर्यंत कोण थांबतो?"

"आमच्याकडे थंड यायची. नेहमी."

रतनरावांची मान ताठ झाली. फेटा सरळ झाला. सबंध आयुष्यात टँकबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात कधी आली नव्हती अशी खरीखुरी धार आली. "तुमच्याकडे येत असेल, साहेब. माझी कधी थंड नाय गेली. मी पळत जायचो."

पहिली उठली ती मयुरा. ती रडत होती, आणि चिडलेलीही होती, दोन्ही एकदम. बाबांचा हात धरून ती जतीनकडे वळली आणि म्हणाली, "या शिपायाच्या हातात बंदूक का आहे मग? काढ ती."

जतीनने घरी जाऊन नवी डाय कोरली. शिपाई पळतो आहे, अंग पुढे झुकलेलं, एका हातात कडीची बादली. बादली त्याने हिशेबाने कोरली, छप्पन्नावा भाग काढून, भिंगाखाली. त्या डायीतून ओतलेला शिपाई रविवारी बोर्डीला नेऊन झोपाळ्यावर बसलेल्या सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून उलटापालटा केला.

"शिपाई झकास. बादली लहान झाली, जतीनराव."

"मापात आहे, बाबा. मी मोजलीय."

"माझ्या बादलीत चार टँकचं जेवण असायचं. दोन्ही हातांनी उचलायला लागायची. हिच्यात एका माणसाचं तरी होईल काय?"

जतीनने भिंग काढून पुन्हा बघितलं. माप बरोबर होतं. त्याने शिपाई परत खिशात टाकला, डहाणूला आला, आणि त्या डायीत बादलीचा खळगा शिपायाच्या कमरेएवढा मोठा करून घेतला.